न कोसळलेला उतार

‘सुखरूप’ हा मराठीतला मोठा उदार शब्द आहे. माणूस रात्रीबेरात्री घाट उतरून येतो. गाडीचा एक दिवा बंद, ब्रेक जेमतेम लागणारा, डोळ्यांवर झोप. पण तो दारात उभा राहिला की घरातली वडील माणसे एवढेच विचारतात, ‘पोचलास ना सुखरूप?’ तो ‘हो’ म्हणतो आणि त्या एका होकारात सगळी चौकशी बुडून जाते. पानावर गरम पोळी पडते. मायेला हे शोभते, आणि त्या वेळी दुसरे काही विचारणारा माणूस मला तरी आवडणार नाही. परंतु बरेवाईट ठरवू पाहणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी तरी तिथेच थांबावे का? एखादी कृती योग्य होती की अयोग्य, याचा निकाल तिचा शेवट कसा झाला यावरून लावायचा, की ती करताना आपल्याला काय ठाऊक होते आणि काय पाहून घ्यायला हवे होते यावरून?

प्रश्न जुनाच आहे. मला तो अलीकडे नव्याने पडला तो बर्फामुळे. आणि खानदेशातल्या माणसाला बर्फावरून तत्त्वचिंतन सुचावे यात थोडा विनोद आहे, हे मी जाणतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असतो. धुळ्याजळगावाला बर्फ ठाऊक तो उसाच्या रसातला, किंवा लग्नाच्या मांडवात पाण्याच्या पिंपात सोडलेली लादी. त्या लादीखाली कुणी गाडला गेल्याचे ऐकिवात नाही.

माझा भाचा चोपड्याजवळच्या शेतावर, सातपुड्याच्या पायथ्याशी वाढला. पुण्यात नोकरीला लागला, तिथल्या मित्रांच्या नादाने सह्याद्रीतले गड पालथे घातले आणि एका हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेला. पुढे त्याला पाळण्यात बसून वर जायचे आणि आखलेल्या उतारावरून खाली यायचे हे मिळमिळीत वाटू लागले. यापलीकडचा एक प्रकार आहे, त्याला स्की टूरिंग म्हणतात. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची. ती पुढे सरकते पण मागे घसरत नाही. टाच मोकळी ठेवून तासन्‌तास डोंगर चढायचा. माथ्यावर पट्ट्या सोलून काढायच्या, टाच अडकवायची आणि जिथे कुणाची खूण उमटलेली नाही अशा बर्फावरून खाली यायचे. तिथे पाळणा नाही, पहारेकरी नाही, धोक्याची पाटी नाही.

हे सगळे ऐकून त्याच्या आजीने, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूने, एवढेच विचारले, “कायले जातो रे भाऊ तठी मराले?” त्याने उत्तर दिले नाही. मात्र पुढल्या हिवाळ्यात डोंगरावर जाण्याआधी तो हिमस्खलनापासून बचाव कसा करावा याचे शिक्षण घेऊन आला. आजीच्या प्रश्नाला तेच त्याचे उत्तर असावे असा माझा तर्क आहे.

हिमस्खलन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दैवासारखे वरून कोसळणारे काहीतरी येते. वस्तुस्थिती जास्त विचार करायला लावणारी आहे. धोक्याचे उतार फार भयंकर दिसत नाहीत. बहुतेक स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. आपल्या घरातला जिना साधारण त्याच कोनात चढतो. आणि डोंगरात हौसेने जाणारी माणसे जेव्हा गाडली जातात तेव्हा तो बर्फ बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या किंवा त्यांच्याच सोबत्याच्या वजनाने सुटलेला असतो. म्हणजे दैव आलेच तर ते आपल्याच पायांनी चालत आलेले असते.

आपल्याकडे विहीर खणताना काळी माती, मुरूम, खडक असे थर लागत जातात. बर्फातही तसे थर असतात, फक्त ते एका हिवाळ्याचे असतात. कडाक्याच्या थंडीच्या निरभ्र रात्री बर्फाच्या पाठीवर पिसासारखे नाजूक हिमकण उमलतात. फार सुंदर दिसतात म्हणे. त्यांच्यावर नवा बर्फ पडला आणि वाऱ्याने तो दाबून बसवला, की वर एक घट्ट फळी आणि खाली ठिसूळ थर अशी रचना तयार होते. स्वयंपाकघरात फरशीवर मोहरी सांडावी आणि तिच्यावर पाट ठेवावा, तसे. पाट स्थिर दिसतो, पाय पडेपर्यंत. शिकणारा विद्यार्थी म्हणून खड्डा खणतो, थर बोटांनी चाचपतो, बर्फाचा एक खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवून मोजून थापा मारतो आणि कितव्या थापेला कुठला थर सरकतो ते पाहतो. रात्री वारा कुठल्या बाजूने वाहिला, कुठल्या अंगाला बर्फ साचला, ऊन कधी चढले, शेजारच्या उतारावर ताजे काही कोसळले आहे का, पायाखालून ‘धप्’ असा खोल आवाज आला का, तडा पुढे धावला का, हे सारे बघायला तो शिकतो. उतार ओलांडताना एकेकाने जायचे, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची.

हे शास्त्र मला आवडले; पण माझे मन अडकले ते भाच्याने सांगितलेल्या एका साध्या दिवसात. ते पाचजण होते. तीन तास चढून एका उताराच्या तोंडाशी आले. ऊन स्वच्छ पडलेले, बर्फ अस्पर्श. रात्री वारा होता आणि त्याने नेमका त्याच उतारावर बर्फ लोटला होता. खड्ड्यातली परीक्षा धड पास म्हणावी अशी नव्हती आणि धड नापासही. ते बोलले, पुन्हा बोलले, आणि माघारी फिरून एका कंटाळवाण्या धारेवरून उतरले. उतरता उतरता त्यांनी पाहिले की दुसऱ्या एका टोळीतले चौघे आले, थांबले नाहीत, आणि एकामागून एक तोच उतार घसरून खाली गेले. काही झाले नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर ते चौघे यांच्याकडे पाहून हसले. वाईटपणाने नव्हे; आपण भित्र्या माणसाकडे पाहून हसतो तसे. भाच्याने मला विचारले, “मामा, आता सांगा, बरोबर कोण होतं?”

त्याचा चेहरा पाहता त्याला मुद्द्यापेक्षा त्या हसण्याने जास्त घायाळ केले होते. मी त्याला विचारले, समज, त्या दिवसासारखे शंभर दिवस आले आणि त्यांतल्या पाच दिवशी तो उतार सुटणार असेल, तर उरलेल्या पंच्याण्णव दिवशी जाणाऱ्याला काय शिकायला मिळेल? एवढेच, की आपण हुशार आहोत. डोंगर हा फार वाईट शिक्षक आहे. चुकीच्या उत्तराला तो पंच्याण्णव वेळा पूर्ण गुण देतो आणि शहाण्णवाव्या वेळी विद्यार्थीच उरत नाही. आणि जो माघारी फिरतो त्याला तो काहीच देत नाही. उतार न कोसळला तर त्याची फजिती. कोसळला तर तो हा गेल्यानंतर, कुणी नसताना, कुणी न पाहता. माघारी फिरण्याच्या निर्णयाला साक्षीदार मिळत नाही.

या गोष्टीचा अभ्यासही झालेला आहे. इयन मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळातले ७१५ अपघात तपासले. त्याला दिसले की ज्यांचे शिक्षण झाले होते तेही सरसकट सावध नव्हते. विशेषतः ओळखीच्या उतारावर आले की शिकलेल्यांची सावधगिरी गळून पडे आणि ते न शिकलेल्यांइतकाच धोका पत्करत. इथे आपण शंभरदा आलो आहोत, म्होरक्या जाणता आहे, एवढे चढून आलो आता परत काय जायचे, दुसरे कुणी आधी पोचेल, चारजण बघताहेत. अशा कारणांची त्याने यादीच केली आहे. ती वाचताना मला बर्फ एकदाही आठवला नाही. कन्नडचा घाट आठवला.

चाळीसगावहून संभाजीनगरकडे जाणारा हा घाट. औट्रम घाट हे त्याचे दुसरे नाव. इथल्या ड्रायव्हरमंडळींना त्याचे प्रत्येक वळण झोपेत पाठ असते, आणि ती पाठ असण्याची बढाईही असते. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीच्या अतोनात पावसात त्याच घाटात ठिकठिकाणी दरडी आल्या, रस्ता बंद पडला, खाली चाळीसगावात पाणी शिरले. आदल्या दिवसापर्यंत हजारो गाड्या गेल्या होत्या, सगळ्या सुखरूप. त्या सुखरूपपणाने कुणाला काय सांगितले होते?

इथे एक भेद सांभाळला पाहिजे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. ‘डोंगर आजवर पडला नाही’ याशिवाय त्या माणसांच्या हाती दुसरा पुरावा कुठला होता? त्यांच्याजवळ खड्डा खणून थर बघायचे शास्त्र नव्हते, दुसरीकडे जायला घर नव्हते. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचेनवरच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि दहा जवान गेले; त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातला एक होता. त्यांनी तो उतार निवडलेला नव्हता. हुकूम असतो तिथे माघारी फिरणे हा पर्यायच नसतो. मी ज्या प्रश्नाबद्दल बोलतो आहे तो त्यांना लागू करणे निर्दयपणाचे होईल. तो लागू होतो ज्याला निवड आहे त्याला. हौसेने डोंगरावर जाणाऱ्याला तर पुरेपूर. कारण त्याला माघारी फिरायला संध्याकाळच्या चहाखेरीज काही किंमत पडत नाही.

कुणी म्हणेल, मग शिकून तरी काय उपयोग? ४ ऑक्टोबर २०२२ ला गढवालात द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणाला निघालेली तुकडी स्खलनात सापडली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, दोघे त्या वेळी सापडले नाहीत. शिकणारे होते आणि शिकवणारेही होते. गुलमर्गजवळ खिलनमर्गला ८ फेब्रुवारी २०१० रोजी सैन्याच्या उंच पर्वतीय युद्धशाळेचे सतरा जवान असेच गेले. शिक्षण हे कवच नव्हे, हे उघड आहे. पण म्हणूनच माझा प्रश्न अधिक तीव्र होतो. सावध माणूसही मरू शकतो आणि बेपर्वा माणूसही सुखरूप घरी येऊ शकतो, तर सावधपणा आणि बेपर्वाई यांत फरक कशाने करायचा? परिणामाने नाही करता येत. मग उरते ती कृती करण्याआधीची घटका: काय पाहिले, काय पाहायचे टाळले, कुणाचे ऐकले.

धुळ्यात राहणाऱ्याला या ठिकाणी विनोबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९३२ साली इथल्याच तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि सानेगुरुजींनी ती उतरून घेतली. अमळनेरच्या शाळेतला हा मास्तर तुरुंगात लेखणी घेऊन बसला म्हणून ती आज घरोघर आहेत. फळाची आसक्ती सोडून कर्म करावे हा विचार खानदेशाला असा आपल्या अंगणातला वाटतो. पण आपण त्याचा फार सोयीस्कर अर्थ लावत आलो, अशी माझी तक्रार आहे. ‘फळ आपल्या हाती नाही’ असे म्हणून हेल्मेट घरी ठेवणारे सज्जन मी रोज पाहतो. माझ्या समजुतीप्रमाणे फळाचा विचार कर्माच्या आधी केलाच पाहिजे, अगदी कसून. खड्डा खणून, थर मोजून. सोडायची ती वेगळीच गोष्ट. कर्म झाल्यावर फळ हातात घेऊन ‘बघा, मी बरोबर होतो’ म्हणण्याची जी ओढ असते, ती. त्या चौघांनी उतारावरून सुखरूप खाली आल्याचे जे प्रमाणपत्र गळ्यात घातले, तीही फलासक्तीच. आणि भाच्याला जे खुपत होते, आपला निर्णय खरा ठरावा म्हणून उतार कोसळायला हवा होता अशी जी एक चोरटी इच्छा त्याच्या बोलण्यात डोकावली, तीही तीच. मी त्याला तसे म्हटले. तो गप्प झाला, मग हसला.

आता राहिला ‘माझा जीव, माझा धोका’ हा युक्तिवाद. तरुण मंडळींना तो फार पटतो, आणि तो वरवर पाहता बिनतोड आहे. त्याचे उत्तर मला तर्काने नव्हे, कापसाने मिळाले.

मागच्या दिवाळीत आम्ही सारे चोपड्याला बहिणीकडे जमलो होतो. भाव चढेल या आशेवर पहिल्या वेचणीचा कापूस ओसरीलगतच्या खोलीत कमरेएवढा रचून ठेवला होता. भाच्याने पिशवीतून दोन छोटी यंत्रे काढली. बीकन म्हणतात त्यांना. डोंगरावर प्रत्येकाने ते छातीशी बांधायचे असते आणि ते सतत ४५७ किलोहर्ट्‌झवर संदेश सोडत राहते. कुणी गाडला गेला तर बाकीच्यांनी आपापली यंत्रे शोधण्यावर फिरवायची; पडद्यावर बाण आणि आकडा दिसतो, आकडा कमी होत जाईल तसे जवळ जायचे. त्याने एक बीकन कापसाच्या गंजीत खोल दडवले आणि दुसरे माझ्या बारा वर्षांच्या नातीच्या हाती दिले. घड्याळ लावले. पोरगी खोलीभर फिरली, बाण उलटसुलट झाला. आधी आमचे मोबाईल दूर ठेवावे लागले, त्यांनी यंत्र गोंधळते. आकडा दोनावर आला, एकावर आला, मग पुन्हा वाढला. तिला जागा सापडली, पण उपसायला लागली तेव्हा कापूस बाजूने ढासळून पुन्हा खड्ड्यात येऊ लागला. सगळा वेळ उपसण्यातच गेला. भाचा म्हणाला, तिथेही असेच होते. शोधणे पटकन होते, लांब सळईने खुपसून नेमकी जागा कळते, पण स्खलनाचा बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो. मीटरभर खोल माणूस काढायला टनभर बर्फ हलवावा लागतो. आणि वेळ किती? १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्विस नोंदींच्या अभ्यासाप्रमाणे पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊजण जगतात. ३५ मिनिटांनी दहांपैकी तीन. अलीकडच्या अभ्यासाने ती पहिली मुदत आणखी आखडून १० मिनिटांवर आणली आहे. एवढ्या वेळात खालच्या गावातून कुणी येऊ शकत नाही. बाजूला जो उभा आहे तोच.

आजी खाटेवरून हे सारे पाहत होती. तिने विचारले, “म्हनजे हे यंत्र ज्याच्या अंगावर आहे, त्याले काही कामाचं नाही?”

“नाही आजी. त्याच्या सोबत्याला वापरता येत असेल तर कामाचं.”

“म्हनजे तू शिकला ते दुसऱ्यासाठी शिकला. अन्‌ तुह्या जीवासाठी दुसऱ्यानं शिकाले पाहिजे.”

भाचा तिच्याकडे बघतच राहिला. पाच दिवसांच्या वर्गात हे वाक्य कुणी असे सांगितले नव्हते, असे तो नंतर म्हणाला. मला वाटते, ‘माझा जीव, माझा धोका’ हा युक्तिवाद तिथे खाटेखाली विरघळला. जो माणूस सरावाला दांडी मारून डोंगरावर येतो तो स्वतःचा जीव धोक्यात घालत नाही, सोबत्याचा घालतो. आणि जो बेफिकिरीने उतारावर उतरतो तो चौघांना फावडी घेऊन त्याच कोसळत्या उताराखाली उभे करतो. म्हणून त्या टोळीतल्या चौघांचे हसणे मला भाच्याइतके निरुपद्रवी वाटत नाही. त्यांच्या मागून पाचवा कुणी खुणा पाहून गेला असता, तर त्या खुणांनी त्याला काय सांगितले असते?

मग हे असले छंद बंदच करावेत का? बहिणीचे मत तसे आहे. माझे नाही. पहाटे चारला उठून चांदण्यात बर्फावर चालण्याचे वर्णन करताना भाच्याच्या आवाजात जे येते ते मी फार थोड्या माणसांच्या आवाजात ऐकले आहे, आणि ते काढून घेण्याचा अधिकार मामाला आहे असे मला वाटत नाही.

त्याच्याजवळ एक वही असते. डोंगरावरून आल्यावर, काही झाले असो वा नसो, त्या दिवशी काय पाहिले आणि काय ठरवले ते तो त्यात लिहितो. मी ती चाळली. एका पानावर होते: ‘आज काही झाले नाही. तरी दोन चुका. एक, तिघे एकदम उतारावर होतो. दोन, घाईत सकाळी बीकन तपासले नाहीत.’ पुढे तारीख आणि उताराचा कोन. बस्स.

या जानेवारीत तो पुन्हा जाणार आहे. बहिणीने अजून होकार दिलेला नाही. पण परवा फराळाच्या चकल्या तळताना फोनवर ती त्याला विचारत होती ते माझ्या कानावर पडले. कधी परतणार, थंडीचे कपडे घेतलेस का, हे काही नाही. ती विचारत होती, “तुझ्याबरोबर कोण कोण आहे? आणि त्या नव्या मुलाने उपसायचा सराव केलाय का? नसेल तर त्याला आधी इथे घेऊन ये. कापूस अजून विकला नाही.”